बियांसाठी राखलेले फूल

हंगामी फुलझाडे लावणाऱ्या माणसाला एक युक्ती कोणी ना कोणी शिकवतेच. झाडावरचे फूल सुकू लागले, की ते देठासकट खुडून टाकावे. म्हणजे झाड बी धरण्याच्या खटपटीत न पडता पुन्हा कळ्या काढते आणि बहर पुष्कळ दिवस टिकतो. ही युक्ती खोटी नाही. पिकू लागलेले बी झाडाचा रस आपल्याकडे ओढून घेते, आणि बी पुरेसे झाले की झाडाला नवी फुले काढण्याचे कारण उरत नाही. चार वर्षे मी ह्या नियमाचे निष्ठेने पालन केले. सकाळी कोर्टात जाण्यापूर्वी कात्री घेऊन वाफ्यांवरून एक फेरी मारावयाची, मळकट दिसू लागलेले प्रत्येक फूल उडवावयाचे, आणि मग काळा कोट चढवावयाचा, असा माझा क्रम होता. दिवसभर ज्या कागदांत डोके घालून बसावयाचे, त्यांत इतका स्वच्छ निकाल कधीच लागत नाही. त्यामुळे ह्या कामाचे मला विशेष समाधान वाटे.

चौथ्या वर्षी, म्हणजे २०२१ च्या दसऱ्याला, तोरण ओवताना माझ्या ध्यानात आले की बोटांना वास लागलेला नाही. अगदी नाही असे नव्हे, पण फिका. झेंडूचा जो उग्र, थोडासा औषधासारखा वास लहानपणी दसऱ्याच्या रात्री जेवतानाही हाताला येत असे, तो नव्हता. सुई हातात तशीच ठेवून मी अंगणात गेलो आणि प्रत्येक वाफा पाहिला. आईचा झेंडू आमच्या अंगणातून नाहीसा झाला होता.

मी भैंसा येथे राहतो. हे गाव आज तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात मोडते; २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि १९५६ पर्यंत जुन्या हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात. राज्यपुनर्रचनेत आमचा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला आणि तिकडचा किनवट मराठी मुलखाकडे आला. घरे जिथल्या तिथे राहिली; पत्रावरचा पत्ता तेवढा बदलला. कापसाची बाजारपेठ म्हणून गावाचे नाव आहे, आणि जमीनही तशीच, काळी आणि चिकट. तिच्यात रेती आणि कुजलेले शेणखत मिसळल्यावाचून फुलझाडे रुजत नाहीत. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून ती बसतात. आई दर वर्षी जूनच्या अखेरीस घमेल्याने रेती आणून वाफा करीत असे. बी एका औषधाच्या जुन्या बाटलीत राखेत ठेवलेले असे. झेंडूचे बी पाहिलेले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काळी, सुईसारखी बारीक काडी आणि तिच्या टोकाला फिकट कुसांचा झुपका. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया मावतात. पेरल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी त्या वर येतात, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत फूल येते. आषाढात पेरलेले दसऱ्याला हाती लागावे, असा हा बेत असतो. आईचे फूल लहान होते, जुन्या रुपयाहून थोडेसे मोठे. रंग गडद नारिंगी. दिसण्यात त्याचे कौतुक करण्यासारखे काही नव्हते.

२०१७ साली आई गेली आणि अंगण माझ्याकडे आले. मला मोठी फुले हवी होती. मी दुकानातून संकरित बियांचे पाकीट आणले, आणि चेंडूएवढी पिवळी फुले पाहून हरखून गेलो. जुना झेंडू पहिली दोन वर्षे सांडलेल्या बियांतून कोपऱ्याकोपऱ्यांत आपोआप उगवला. त्याला मी गबाळेपणा समजून उपटला. जो चुकून उरला, त्याची फुले कात्रीने बी धरण्यापूर्वीच काढली. पुढे तो उगवलाच नाही. ह्यात कोणाचा कट नव्हता, दुष्काळ नव्हता, कीड नव्हती. बहर टिकवण्याच्या नादात मी एक बीज बुडवले, एवढीच हकीकत आहे.

झेंडूसारख्या क्षुल्लक गोष्टीचे एवढे काय, असे वाचक विचारतील. मीही स्वतःला तेच विचारले. परंतु प्रश्न झेंडूपुरता नाही असे मला वाटू लागले, आणि तो असा: ज्याचे सारे आयुष्य बीज धरण्यासाठी आहे, त्याला बीज धरू न देता त्याच्याकडून केवळ शोभा घेत राहण्यात काही गैर आहे काय? आणि असल्यास, ते गैर कोणाशी?

आपल्या प्राचीनांनी ह्या झाडांना फार नेमके नाव दिले होते. अमरकोशात आणि मनुस्मृतीत 'ओषधी' शब्दाचा अर्थ औषध असा नाही. फळ पिकताच जिचा अंत होतो ती ओषधी. धान्ये आली, कडधान्ये आली, आमचे झेंडू आणि तेरडेही आले. केळही एका घडानंतर संपते. पण तिच्या मुळाशी कोंब असतात. ओषधीजवळ तसे काहीच नसते. आंब्याचे एक वर्ष वाया गेले तर पुढचे आहे. झेंडूला पुढचे वर्ष बियाच्याच रूपाने मिळते. म्हणून आंब्याचा मोहोर झडणे आणि झेंडूचे फूल खुडणे ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या, तरी एक नाहीत.

ह्यावर पाश्चात्त्य विचारवंताचे एक वजनदार उत्तर आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्याने सौंदर्यनिर्णयावरील आपल्या १७९० च्या ग्रंथात फुलाचाच दाखला घेतला आहे. त्याचे म्हणणे असे, की फूल हे मुक्त सौंदर्य आहे. ते कशासाठी आहे हे ठाऊक असण्याची त्याच्या आस्वादाला गरज नाही. ते वनस्पतीचे प्रजननाचे इंद्रिय आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असते, पण तोही रसिक म्हणून पाहताना ते बाजूला ठेवतो. मौज अशी, की लगेच तीन वर्षांनी, १७९३ मध्ये, त्याच देशातील श्प्रेंगेल नावाच्या शिक्षकाने आपला ग्रंथ प्रसिद्ध करून दाखवून दिले, की फुलाचा रंग, त्यावरच्या रेषा, मधाचे स्थान ही सारी व्यवस्था कीटकांना बोलावण्यासाठी आहे. म्हणजे ज्याला आपण निर्हेतुक शोभा म्हणून डोळे भरून पाहतो, तो दुसऱ्याच कोणाला पाठवलेला निरोप आहे. तो आपल्या हाती पडला आणि आवडला. एवढ्याने तो आपल्यासाठी लिहिला होता असे होत नाही.

तरीही कांटचे म्हणणे मी टाकाऊ समजत नाही. आस्वादापुरते ते खरे आहे. पाहणारा फक्त पाहतो, आणि पाहण्याने कोणाचे काही जात नाही. माळी मात्र पाहण्याबरोबर करीतही असतो. त्याच्या हातात कात्री आहे. रसिकाला जी मोकळीक आहे ती त्याने आपल्यासाठी मागितली, की मला वाटते तेथे घोटाळा होतो. निदान माझा तेथेच झाला.

झाडावर मी क्रूरता केली असे मात्र माझे म्हणणे नाही. फूल खुडल्याने झेंडूला दुःख होते असे मानण्यास मला काही आधार सापडत नाही, आणि भावनेच्या भरात तसे लिहिणे मला आवडणार नाही. शिवाय देवाला फुले वाहणाऱ्या समाजाने खुडण्यालाच पाप म्हणणे शोभत नाही. आजकाल तर मोठा आणि छोटा अशा झेंडूच्या दोन जातींच्या संकरातून असा वाण काढतात, की जो मुळातच वांझ असतो, खेचरासारखा. बी धरणे त्याच्या नशिबी नाही, म्हणून तो अखंड फुलतो, आणि हाच त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. त्या झाडाला पाहून मला प्रथम वाईट वाटले; नंतर लक्षात आले की ते वाईट वाटणे झाडासाठी नव्हते. ज्याला माझी कात्रीसुद्धा लागत नाही असे ते झाड, माझ्या चार वर्षांच्या सकाळच्या फेऱ्यांचे सरळ उत्तर होते. मला हवे ते त्याने आयते दिले होते, आणि तरी मला ते हवेसे वाटेना.

तेव्हा झाड बाजूला ठेवू. मग मी कोणाचा अपराधी? येथे माझा धंदा आडवा येतो. कायद्याच्या दृष्टीने जेथे मागणारा नाही तेथे देणे नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा उभ्या पिकाला स्थावर मालमत्तेतून वगळतो. मुदत ठरलेली नसलेल्या पट्ट्याची जमीन भाडेकऱ्याच्या स्वतःच्या कसुराशिवाय त्याच्या हातून सुटली, तरी त्याने पेरलेले पीक काढून नेण्यासाठी तेथे येण्याजाण्याचा हक्क त्याला देतो. हंगामाचे जे, ते पेरणाऱ्याचे. अंगण माझे, पेरणी माझी, झेंडूही माझा. ह्या दाव्यात मी कधीच हरलो नसतो.

आईने जे बी मागे ठेवले ते काय होते, असा विचार मी पुढे केला. बक्षीस म्हणावे, तर स्वीकारताच ते पुरे होते आणि देणाऱ्याचा त्यावर हक्क उरत नाही; मग बुडवले तरी माझेच बुडवले. ठेव म्हणावी, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे हेतू संपल्यावर तीच वस्तू परत करावी लागते, अथवा धनी सांगेल तशी तिची वाट लावावी लागते. पण बी तसेच्या तसे जपून ठेवले, तर दोन-तीन वर्षांत त्याची उगवण मंदावते आणि मग त्याचा कचरा होतो. ते टिकवावयाचे तर मातीत घालून नाहीसे करावे लागते. कर्ज म्हणावे, तर सावकार राहिलेली नाही. इंग्रजांनी आणलेल्या कायद्यांत मला ह्या व्यवहाराचे नाव सापडले नाही. सापडले ते तैत्तिरीय संहितेत, जेथे माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. त्यांतील पितरांचे ऋण प्रजेने फिटते. ह्या ऋणाचा चमत्कारिक भाग हा, की ज्याच्याकडून घेतले त्याला ते कधीच फेडता येत नाही. जो अजून आलेला नाही त्याला ते द्यावयाचे असते. मूळ वचन ब्राह्मणापुरते आणि पुत्रापुरते आहे, त्याचा संकुचितपणा मला मान्य आहे. परंतु ऋणाची ती रीत बियाण्याला जितकी तंतोतंत लागू पडते, तितकी मुलालासुद्धा पडत नसेल.

आमच्याकडच्या कापूसवाल्याला हे ऋण फेडणे आता आपल्या हाती उरलेले नाही. पूर्वी कापूस जिनिंगमधून आला, की सरकी परत मिळे आणि तीच पुढच्या मृगात पेरली जाई. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित वाण निघाला, आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. संकरित झाडाचे बी पेरले तर पुढची पिढी सारखी निपजत नाही. एक उंच, एक खुजे, एकाला बोंडे, एकाला नाहीत. त्यामुळे दर जूनला पाकीट विकत आणण्यावाचून गत्यंतर नसते. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेच नव्हे तर नावाची मोहोर न लावता विकण्याचाही हक्क दिलेला आहे. हक्क कागदावर निर्वेध आहे. पण राखून पेरण्याजोगे बीच हाती नसेल, तर त्या हक्काला अर्थ किती? अर्थात, शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. माझ्यापुढे तोरणाचा होता.

बी परत मिळवण्याची खटपट मी २०२२ च्या उन्हाळ्यात केली. दुकानात विचारून उपयोग नव्हता. अखेर गल्लीच्या पलीकडच्या अव्वांकडे गेलो. त्या तेलुगू घरातल्या; आईशी त्यांचा तीस वर्षांचा शेजार, आणि त्यांच्या परसात दर वर्षी फुले असतात हे मी येताजाता पाहत होतो. आईच्या झेंडूचे बी तुमच्याकडे आहे काय, असे मी जरा अवघडतच विचारले.

"आईचं कुठलं बिड्डा?" त्या म्हणाल्या. "तू शाळेत होतास, तेव्हा मीच दिलं होतं तिला. मला माझ्या नणंदेनं दिलेलं."

त्यांनी फडताळातून कापडाची पुरचुंडी काढली. मी आईच्या वारशाचे काहीतरी बोलू लागलो होतो, ते तोंडातल्या तोंडात राहिले. आणि त्यांच्या नणंदेच्या मागे तरी कोण? झेंडू हा मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला असे मानतात. ज्या फुलावाचून आपला दसरा होत नाही, ते आपल्याकडे येऊन पुरती पाचशे वर्षेही झालेली नाहीत. ह्या मालिकेत मूळ मालक शोधू गेलो, तर माझा दावा पहिल्याच तारखेला फेटाळला जाईल.

ते बी मी पेरले. बारा रोपे लागली. सातांना ती लहान नारिंगी फुले आली, वासासकट. उरलेली पाच फिकी होती, मोठी होती आणि देठाने कमजोर. मला कोडे सुटावयास वेळ लागला. झेंडूचे परागण कीटक करतात. माझ्या चार वर्षांच्या संकरित वाफ्यांवरून माश्या गल्ली ओलांडून अव्वांच्या परसात जात होत्या. माझे अंगण मी बिघडवले, ते एक. त्यांच्या बियांतही मी न विचारता भर घातली होती. शुद्ध बीज म्हणून जे जपावयास मी निघालो होतो, ते तिकडेही शुद्ध राहिलेले नव्हते, आणि बहुधा कधीच नव्हते. मी हे अव्वांना सांगितले. त्यांना त्याचे काही वाटले नाही. उलट त्यांनी विचारले, तुझी ती मोठी पिवळी फुले पुन्हा लावशील ना? बतुकम्मा त्यांनी उंच होते.

बतुकम्मा म्हणजे तेलंगणातला बायकांचा फुलांचा सण. भाद्रपदाच्या अमावास्येपासून नऊ दिवस ताटात फुलांचे थर रचून गोपुरासारखी रास करतात, तिच्याभोवती फेर धरतात, आणि शेवटच्या दिवशी ती तळ्यात सोडतात. कोकणात तेरड्याची रोपे गौर म्हणून घरात येतात, तशीच इथे तरवड आणि कुरडू ही रानची फुले ह्या थरांत बसतात, झेंडू असतोच. कुरडू हे शेतकऱ्याच्या शिव्या खाणारे तण आहे. पण त्याच्या तुऱ्याकडे मी त्या वर्षी प्रथमच नीट पाहिले. तुरा खालून वर फुलत जातो. शेंड्याला गुलाबी फुले उमलत असतात, तेव्हा बुडाशी काळे चकचकीत बी पिकून सांडू लागलेले असते. अव्वांनी तुरे ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांच्या पदरावर बारीक बी पडत होते, आणि त्यांनी ते अंगणातच झटकले. बहर की बी, हा माझा सारा तंटा त्या तणाला कधी पडलेलाच नाही. तेरड्याचीही तीच गोष्ट. त्याची शेंग पिकल्यावर बोट लागताच फुटते आणि बी दूर उडवते, माळ्याच्या परवानगीची वाट पाहत नाही. झेंडू मात्र माणसाच्या हाताला सवकलेला आहे. तो आपल्या खुडण्याने फुलतो, आणि आपण विसरलो तर जातो.

बी कोणत्या फुलाचे ठेवावे हे मी अव्वांना विचारले. मी आपला हंगाम संपल्यावर उरलेसुरले जमवणार होतो. बहुतेक लोक तेच करतात: ज्याची माळ होत नाही, ज्याला देवापुढे ठेवता येत नाही, ते बियांसाठी. त्या हसल्या. बी सर्वांत चांगल्या झाडाचे ठेवावे आणि लवकरच्या फुलाचे, कारण उशिराच्या फुलांत बी पोचट राहते. मग पहिले फूल? पहिले देवाला. दुसऱ्याला दोरा बांधावा म्हणजे घरात कोणी तोडत नाही. "आई तुझी लाल दोरा बांधायची," त्या म्हणाल्या, "पाहिला नाहीस?" पाहिला होता. झाडाला दृष्ट लागू नये म्हणून असेल, असे मी समजत होतो.

गेल्या वर्षी मी तीन झाडे निवडली आणि तिन्हींच्या दुसऱ्या फुलाला लाल दोरा बांधला. बाकीची फुले मी अजूनही खुडतो, आणि ती पिवळी मोठी जातही एका वाफ्यात लावतो, अव्वांसाठी. दसऱ्याच्या सकाळी देवघराचे, दाराचे, पुस्तकांच्या कपाटाचे आणि स्कूटरचे हार झाले, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला नेमके एक फूल कमी पडले. मी बाजारातून आणतो म्हणालो. पत्नी म्हणाली, एका फुलासाठी बाजार? आणि अंगणात दोऱ्याची तीन चांगली फुले उभी होती. वाफ्यातली सर्वांत चांगली, पूर्ण उमललेली. मी बोललो नाही असे नाही. त्यांतले एक चौकटीवर गेले. दोन राहिली, दिवाळीनंतर झाडावरच वाळली, आणि त्यांचे बी मी राखेत मिसळून दोन पुरचुंड्यांत बांधले. एक आमच्या फडताळात आहे. दुसरी अव्वांकडे दिली, तर त्यांनी ती उघडून तळहातावर बी पसरले, पोचट काड्या फुंकरीने उडवल्या, आणि उरलेले मोजल्यासारखे करून म्हणाल्या, दोऱ्याची फुले तीन होती ना?